चकती आकड्यावर होती

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय शिवणकाम (आता बंद), राहणार युद्धाच्या आधी बांधलेल्या या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, डाव्या हाताचा फ्लॅट, नंबर सात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता आणि घाबरलेल्या अवस्थेत लिहून ठेवत आहे. वकील म्हणाले, ‘घाबरलेल्या’ हा शब्द काढा, पुढे कोणी त्यावरून खुसपट काढेल. मी काढणार नाही. भीती वाटायला शुद्ध लागते. माझ्या सासूबाईंची शुद्ध हरपली ती शेवटची दोन वर्षे त्या अगदी मजेत होत्या.

यापूर्वी केलेली दोन मृत्युपत्रे मी रद्द करते. पहिले भाच्यावर लोभ होता तेव्हा केले होते, दुसरे त्याच्यावर राग होता तेव्हा. हे तिसरे त्याच्यासाठी नाही.

हा कागद मी गेल्यावर उघडायचा नाही. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता, खालच्या दालनात, जिन्याच्या पायथ्याशी, मी स्वतः तो मोठ्याने वाचणार आहे. माझा आवाज गेला तर पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी पुढे वाचावे. असे का, ते सहाव्या कलमात येईल. ते कलम लिहायला मला नऊ वर्षे लागली, आणि रविवारच्या विचाराने आत्तासुद्धा हाताला घाम फुटलाय. अक्षर वेडेवाकडे आले तर त्याचे कारण तेवढेच आहे.

कलम १. माझ्या शुद्धीबद्दल.

मागच्या महिन्यात माझा भाचा, म्हणजे नणंदेचा मुलगा, एका गृहस्थांना घेऊन आला. म्हणाला, मामी, हे माझे मित्र, सहज गप्पा मारायला आलेत. गृहस्थ बसले, पाणी प्यायले आणि मला विचारलं, आज वार कोणता. मी विचारलं, तुमच्याकडे कॅलेंडर नाही का. मग त्यांनी कागद पुढे करून घड्याळ काढायला सांगितलं. मी काढलं, आणि टेप न लावता त्यांच्या कोटाचं मापही सांगितलं: छाती बेचाळीस, उजवी बाही डावीपेक्षा पाव इंच जास्त लागेल. गृहस्थांनी कागद घडी करून खिशात ठेवला. ते स्मरणशक्तीचे डॉक्टर आहेत, हे मला नंतर खालच्या डॉक्टरांकडून कळलं.

तेव्हापासून मी रोज सकाळी एका वहीत वार आणि तारीख लिहून खाली सही करते. वही शिलाईच्या टेबलाच्या खणात आहे. कोर्टात लागली तर न्यावी. लिहिताना हसू येतंय, पण त्या दिवशी ते दोघे गेल्यावर मी दाराला दोन्ही कड्या लावल्या आणि संध्याकाळपर्यंत काढल्या नाहीत.

कलम २. घर.

फ्लॅट नंबर सात हा सासऱ्यांकडून माझ्या नवऱ्याकडे आणि नवऱ्याकडून माझ्याकडे आला. त्यावर कर्ज किंवा बोजा नाही. आम्हाला मूलबाळ नाही.

हा भाग फार मोठ्या लोकांचा. आमच्या रस्त्यावरच्या दुकानांत काचेमागे एकच पर्स ठेवलेली असते आणि किंमत लिहिलेली नसते. कुत्र्यांना फिरवायला माणसं ठेवलेली आहेत. पण आमचं म्हणजे बडा घर पोकळ वासा. सासऱ्यांच्या हातात कधी नव्हे तो पैसा आला त्या वर्षी त्यांनी हे घर घेतलं, आणि पुढे सगळा जन्म ते घर सांभाळण्यात गेला. छत इतकं उंच की बल्ब बदलायला माणूस बोलवावा लागतो. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. मी इमारतीतल्या बायकांचे कपडे शिवायची. मी सून म्हणून पुढच्या रुंद जिन्याने येजा करायची, आणि माझी गिऱ्हाइकं मागच्या लोखंडी जिन्याने फिटिंगला यायची, कारण शेजारणीकडून कपडे शिवून घेतो हे कुणाला दिसायला नको असायचं.

आता एका कंपनीने बारापैकी नऊ फ्लॅट विकत घेतले आहेत. दर्शनी भिंतीवर ऐतिहासिक वास्तू म्हणून पाटी आहे, त्यामुळे बाहेरून खिळासुद्धा ठोकता येत नाही. आतून मात्र सगळं खरवडून काढायचं चाललंय. पाचव्या मजल्यावर दिवसभर ड्रिल चालतं आणि माझ्या कपाटातल्या बश्या वाजतात. लोक समोरच्या फुटपाथवर उभे राहून इमारतीचे फोटो काढतात. किती जपलंय हो, असं म्हणतात. मी खिडकीत उभी असले तर हात करतात.

कंपनीला न विकलेले तीनच उरलोत. पहिल्या मजल्यावरचा दवाखाना, मी, आणि माझ्या समोरचा नंबर आठ. आठ नंबरच्या बाई नऊ वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी असते. घर तिने कुलूप लावून तसंच ठेवलंय आणि किल्ली माझ्याकडे दिली आहे. दर वर्षी आईच्या दिवशी ती येते, खिडक्या उघडते, धूळ झटकते, आणि जाताना माझा हात धरून म्हणते, “मावशी, तुम्ही आहात तोवर मी हे विकणार नाही. आईला शेवटपर्यंत तुमची सोबत होती.” हे ऐकलं की मी हात सोडवून घेते. ते का, हेही सहाव्यातच. रविवारी ते ऐकून तिने घर विकलं तर चौथ्या मजल्यापासून वर सहाव्यापर्यंत कंपनीचं नसलेलं माझं एकच दार उरेल. याची मला भीती वाटते, आणि हे लिहायला लाज वाटत नाही.

माझ्या पश्चात फ्लॅट नंबर सात या इमारतीच्या जुन्या रखवालदारांना आणि त्यांच्या पत्नीला मिळावा. एकतीस वर्षे ते दोघे तळघरात बॉयलरशेजारच्या खोलीत राहिले आणि नऊ वर्षांपूर्वी त्यांना तिथून काढण्यात आले. भाच्याने हरकत घेऊ नये. घेईलच, म्हणून वरची वही.

बँकेत जे काही आहे त्यातून माझे क्रियाकर्म साधेपणाने करावे आणि उरेल ते या घराच्या देखभालीला ठेवावे, म्हणजे रखवालदारांना हे घर माझ्यासारखे जड जाणार नाही. या सगळ्याची व्यवस्था खालच्या डॉक्टरांनी पाहावी. त्यांनी होकार दिला आहे.

कलम ३. भाचा.

बैठकीतले मोठे झुंबर भाच्याला द्यावे. अट एकच, शिडी लावून त्याने ते स्वतः उतरवावे. अकरा वर्षे तो म्हणतोय, मामी, पुढच्या वेळी येईन तेव्हा त्यातले बल्ब बदलून देतो. नवऱ्याच्या सात काठ्यांपैकी कोणतीही एक त्याने घ्यावी. मुलगा वाईट नाही. पाचवीत असताना माझ्याकडे दोन महिने राहिला होता, तेव्हा कापडाच्या चिंध्यांचा चेंडू करून दे म्हणून मागे लागायचा. पण आता घरात आला की आधी भिंतींकडे बघतो, मग माझ्याकडे.

कलम ४. हत्यारे.

माझी मोठी कातर, बोटात घालायची दोन अंगुस्तानं, लोखंडी इस्त्री, लाकडी पट्ट्या आणि खडूचा डबा कोपऱ्यावर अल्टरेशनचं दुकान चालवणाऱ्या बाईला द्यावा. तिची बेतायची पद्धत गबाळी आहे, पण शिवण सरळ असते. कातरीने कागद कापू नये. कापल्यास मी वरून बघेन. खडू निळा आहे. जन्मभर मी निळाच वापरला, बोटांच्या पेरांत तो असा मुरला होता की नवरा म्हणायचा, तुझा हात लागलेली वस्तू ओळखू येते. हे वाक्य लक्षात ठेवावे.

शिलाई मशीन कुणालाही देऊ नये. भंगारात घालावी. नऊ वर्षांत मी तिच्यावर टाका घातलेला नाही, जे काय शिवलं ते हाताने.

कलम ५. दारावरची चकती.

ऐकणाऱ्यांना ही गोष्ट माहीत नसेल तर पुढचं काही कळणार नाही, म्हणून सांगते.

युद्धात या गावावर बाँब पडायचे. भोंगा झाला की इमारतीतली सगळी माणसं तळघरात जायची. सकाळी कोण सुखरूप आपल्या घरी परतलं हे कळावं म्हणून तेव्हाच्या रखवालदाराने प्रत्येक दारावर बाहेरच्या बाजूने एक पितळी चकती बसवली. एका बाजूला फ्लॅटचा आकडा कोरलेला, दुसरी बाजू कोरी. रात्री रखवालदार सगळ्या चकत्यांची कोरी बाजू वर करायचा, सकाळी उठल्यावर ज्याने त्याने आकडा. नऊ वाजता रखवालदार सहाव्या मजल्यापासून उतरत बाराही दारं बघायचा. आकडा दिसला की पुढे. कोरी दिसली तर बेल. बेलला उत्तर नाही आलं तर किल्ली लावून आत. युद्ध संपलं, पण नऊची फेरी चालू राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या सकाळी मला चहाच्या आधी चकती फिरवायला शिकवलं.

कंपनी आल्यावर फेरी बंद झाली. आता गेटावर कॅमेरा आहे. मी बाहेरून आत आले की कॅमेऱ्याला दिसते. आत पडले तर दिसणार नाही.

कलम ६.

याला मथळा सुचला नाही.

समोरच्या बाई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी सगळ्यांच्या मुख्याध्यापिकाच राहिल्या. त्यांनी माझ्याकडून एक राखाडी लोकरी कोट शिवून घेतला. मी त्यावर तीन आठवडे घालवले. आणि त्यांनी तो घालून, भरल्या लिफ्टमध्ये, चार गिऱ्हाइकांदेखत म्हटलं, “डावा खांदा पडलाय. शिवणाऱ्याचं लक्ष नव्हतं.” त्यानंतर बावीस वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. दारं समोरासमोर, मध्ये चार पावलांचा पॅसेज, आणि बावीस वर्षे. आता सांगायला हरकत नाही: खांदा पडलाच होता. अर्धं बोट. मला पहिल्या फिटिंगलाच दिसलं होतं, पण उसवायचा कंटाळा केला.

मागच्या बाजूला त्यांच्या न्हाणीघराची आणि माझ्या शिलाईच्या खोलीची भिंत एकच आहे. माझी मशीन फार वेळ चालली की त्या आतून भिंतीवर साबणाच्या डबीने तीनदा ठोकायच्या. ठक ठक ठक. म्हणजे, बास करा आता. मी पाय आणखी जोरात मारायची. एवढाच आमचा संवाद होता.

त्या चकती फिरवायला विसरायच्या. मग नऊ वाजता बेल, त्यांना न्हाणीघरात ऐकू यायची नाही म्हणून पुन्हा बेल, मग रखवालदार किल्ली लावणार, मग त्या त्यांना फैलावर घेणार, आणि हे सगळं माझ्या दारात, माझ्या फिटिंगच्या वेळी. म्हणून सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की मीच चार पावलं टाकून त्यांचीही चकती फिरवून टाकायला लागले. सात वर्षे मी ते केलं. त्यांना कधी कळलं नाही. त्यात चांगुलपणा काही नव्हता, सकाळची कटकट नको एवढंच.

नऊ वर्षांपूर्वी, थंडीत, एका मंगळवारी मी दूध घेतलं, माझी चकती फिरवली, त्यांची फिरवली आणि मशीनवर बसले. एका हॉटेलच्या पडद्यांचं काम होतं, लांबच लांब शिवण. दहाच्या सुमाराला भिंतीवर ठोकलं. मी चालूच ठेवलं. पुन्हा ठोकलं. मी मशीन थांबवली तरी ठोकणं थांबेना. मला वाटलं, बघा कसा सूड उगवतेय, आता थांबलं तरी चैन नाही हिला. आणि मी मशीन पुन्हा सुरू केली. संध्याकाळपर्यंत मी पडदे शिवले आणि संध्याकाळपर्यंत भिंत वाजत होती.

बुधवारी सकाळी मी दोन्ही चकत्या फिरवल्या. सवयीने. भिंत वाजली, पण हळू आणि थांबून थांबून. मी रेडिओ लावला.

गुरुवारी काहीच वाजलं नाही. मशीन चालू केली, मुद्दाम जोरात चालवली, तरी वाजलं नाही. मी धावत खाली गेले आणि रखवालदारांना किल्ली घेऊन वर आणलं.

त्या न्हाणीघरात पडलेल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. साबणाची डबी हातात होती आणि तिचं झाकण फुटलेलं होतं. जिवंत होत्या. त्यांनी रखवालदारांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. चार दिवसांनी इस्पितळात वारल्या. मुलगी आली, माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, मावशी, तुमचं लक्ष गेलं म्हणून निदान चार दिवस तरी मिळाले.

पुढच्या आठवड्यात खालच्या दालनात इमारतीच्या कमिटीची बैठक झाली. रखवालदारांना उभं करून विचारलं, दोन दिवस फेरी मारली होती का. ते म्हणाले, “मारली. चकती आकड्यावर होती. दोन्ही दिवस.” कुणीतरी म्हणालं, पडलेली बाई उठून चकती फिरवते काय. सगळे हसले नाहीत, पण हसल्यासारखंच झालं. मग मला विचारलं, तुम्ही समोरच राहता, तुम्ही पाहिली का चकती?

मी म्हटलं, “माझं लक्ष नव्हतं.”

रखवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. महिनाअखेरीला त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने सामान हातगाडीवर घातलं. फेरी न मारता मारली म्हणणारा माणूस, असं त्यांच्या नावावर लागलं, आणि पुढे कुठल्याही इमारतीत त्यांना काम मिळालं नाही. मी खिडकीतून हातगाडी वळणाआड जाईपर्यंत बघितली.

म्हणून मी येथे लिहून देते आणि सर्वांसमोर वाचते: रखवालदार खरे बोलले. फेरी झाली होती. चकती आकड्यावर होती. ती मी फिरवली होती. भिंतीवरची हाक मी ऐकली होती आणि तिच्यावर मशीन चालवली होती.

डॉक्टर, आवाज गेला असेल तर इथून पुढे तुम्ही वाचा.

कलम ७. घर कसे द्यायचे ठरले.

स्मरणशक्तीवाले गृहस्थ येऊन गेल्यावर मला एकच भीती बसली, की मला खुळी ठरवली तर मग मी खरं सांगितलं तरी कोणी धरणार नाही. दुसऱ्याच आठवड्यात पत्ता काढून मी रखवालदारांकडे गेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला, लाँड्रीच्या मागे एक खोली. पत्नीने दार उघडलं. ओळखलं, पण या म्हणाली नाही. दारातच उभी राहून मी सगळं सांगितलं.

रखवालदार म्हणाले, “मला माहीत आहे, बाई. दर शनिवारी चकत्या घासायचो ना मी. आठच्या आकड्यात निळा खडू भरलेला असायचा.”

मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, वाटलं तुम्हीच बोलाल. आज बोलतील, उद्या बोलतील. आणि खडूचं सांगून माझ्यावर कोणी विश्वास ठेवला असता का?

मी म्हटलं, मी मृत्युपत्र करतेय, घर तुम्हाला देणार, आणि सगळं त्यात लिहिणार. मला वाटलं होतं, यावर ते काहीतरी बरं बोलतील. ते म्हणाले, “मेल्यावर सगळेच खरं बोलतात. मला उभं केलं होतं तिथेच उभं राहून वाचा. त्यांच्या मुलीसमोर. मग घराचं बघू.”

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. घरी आले. दोन आठवडे जेवण गोड लागेना. तोंडाने सांगायचं म्हटलं की मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. मग एक वेडेपणा केला. म्हटलं, आपली चकती कोरीच ठेवून बघू, कुणी बेल मारतं का. शिलाईचं स्टूल दाराच्या आत ठेवलं आणि त्यावर बसले.

पहिल्या दिवशी पाचव्या मजल्यावरचे कामगार खाली-वर करत होते. एकाची पिशवी चकतीला घासून गेली. कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन वाजला. मी उचलला नाही. सहा वेळा वाजून बंद झाला. तो आला नाही. मी दिवसभर बसून होते आणि मला सारखं वाटत होतं, की मी खरंच मेलेय आणि हे मलाच कुणी कळवलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी, नऊ वाजता, जिन्यावर पावलं वाजली. डावा पाय पायरीला घासत येत होता, म्हणजे रखवालदार. माझं उत्तर काय ते विचारायला आले असणार. पावलं दारासमोर थांबली. मी बेलची वाट बघत होते. बेल वाजली नाही. पितळेचा छोटा आवाज झाला. त्यांनी चकती फिरवली होती, आकडा वर केला होता. आणि पावलं खाली जायला लागली.

मी हाक मारायला हवी होती. पण हाकेत काय सांगायचं तेच ठरेना. पावलं एकेक पायरी लांब जात होती आणि दारावर माझा आकडा होता, म्हणजे मी ठीक होते, म्हणजे आता कुणीच येणार नव्हतं. मी हाताच्या मुठीने दारावर ठोकलं. तीनदा. मला तेच सुचलं. आणि ठोकताना मला कळलं, की त्या बाईंनी डबी आपटायची थांबवली की भिंतीपलीकडून त्यांना काय ऐकू येत होतं. माझी चालू मशीन.

पावलं थांबली. परत वर आली. बेल वाजली, लांब. मी कशीतरी कडी काढली.

“आता कळलं का, बाई?” रखवालदार म्हणाले.

मी म्हटलं, भीती वाटली हो. फार भीती वाटली.

“त्यांना दोन दिवस वाटली,” ते म्हणाले.

मग त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून ते जिन्यावरच बसले. मी पाणी आणून दिलं. त्यांनी विचारलं, मुलीला बोलावणार का. मी हो म्हटलं, आणि त्यांच्यासमोरच तिला फोन करून येत्या रविवारी ये म्हणाले. का, ते सांगायचा धीर झाला नाही. ती म्हणाली, मावशी, तुमची तब्येत तर बरी आहे ना? येतेच मी.

त्या दिवसापासून रखवालदार रोज नऊला येतात. बस बदलून येतात. चकती बघतात, दाराला कान लावतात, मग बेल मारतात. आधी मी सांगितलं होतं, आकडा दिसल्यावर बेल कशाला. ते म्हणाले, आकड्यावर विसंबलो ती माझी चूक होती, ती मी पुन्हा करणार नाही. त्यांची ही चूक होती असे मला वाटत नाही, पण त्यांना तसे वाटते, म्हणून नोंद केली.

कलम ८. कोट आणि साक्षीदार.

समोरच्या बाईंचा राखाडी कोट माझ्याकडे आहे. कपाट आवरताना मुलीनेच दिला, आईला फार आवडायचा म्हणून तुम्हाला आठवण. मी तो घरी आणून उलटा करून पाहिला. अस्तर कोपरांशी विरलं होतं, कॉलर झिजलेली. बावीस वर्षे त्यांनी पडक्या खांद्याचा तो कोट घातला आणि दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून घेतला नाही. मी नऊ वर्षे तो कपाटात टांगून ठेवला, हात लावला नाही.

पहिले साक्षीदार खालचे डॉक्टर. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी मोकळी सोडली आहे. तिथे समोरच्या बाईंच्या मुलीने सही करावी अशी माझी इच्छा आहे, आग्रह धरण्याचा मला अधिकार नाही. तिने नाही म्हटल्यास डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना बोलवावे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील सांगतात, म्हणून कोट मी वाचून झाल्यावर तिच्या हातात देणार आहे. आठ नंबरची किल्ली त्याच्या खिशात ठेवली आहे. तिला घर विकायचे असेल तर तिने खुशाल विकावे. मी काही म्हणणार नाही. भीती वाटेल, पण म्हणणार नाही.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे, मी तो उभ्याने वाचला आहे, कुठला शब्द गाळलेला नाही.

ठिकाण: इमारतीचे खालचे दालन, जिन्याचा पायथा.
तारीख: नोव्हेंबर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे.

लिहून देणार:
(सही) फ्लॅट नंबर सात

साक्षीदार पहिले:
(सही) डॉक्टर, पहिला मजला.
लिहून देणार यांना मी वीस वर्षे तपासतो आहे. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. सहाव्या कलमात त्यांचा आवाज दोनदा गेला. मी वाचायला पुढे झालो, त्यांनी कागद दिला नाही. जुने रखवालदार वाचन संपेपर्यंत दालनात उभे होते. खुर्ची दिली, बसले नाहीत.

साक्षीदार दुसरे:
(सही) फ्लॅट नंबर आठ.
मी सगळे ऐकले. सही साक्षीदार म्हणून केली आहे, माफी म्हणून नाही. आईच्या दारावरची चकती मी काढून नेत आहे. फेरी झाली होती, असे रखवालदारांना मी आजच कमिटीच्या कागदावर लिहून दिले आहे. कोट घालून पाहिला. आई बरोबर होती, डावा खांदा पडलेला आहे. कोट मावशींकडे परत ठेवला आहे, किल्ली त्याच्या खिशातच आहे. खांदा उसवून नीट करून हवा. पुढच्या रविवारी न्यायला येईन.